दौंड–केडगाव मार्गाखालचं नाव

दौंड,
रविवार, १६ नोव्हेंबर २००८

प्रिय तेजू,

तुझी चिठ्ठी मिळाली. चारच ओळी होत्या, पण पाकिटावरचं अक्षर बघूनच आई म्हणाली, "शिरूरच्या पोरीचं दिसतंय." तू सणसवाडीला सुखात आहेस असं धरून चालते. हे पत्र तू दिलेल्या शिवणक्लासच्या पत्त्यावरच पाठवते आहे, काळजी करू नकोस.

आम्ही बरे आहोत. थंडी पडायला लागली, तसे आईचे गुडघे कुरकुर करतात. आबा मे महिन्यात रेल्वेतून रिटायर झाले, तरी सवयीनं सकाळी स्टेशनावर चहा पिऊन येतात. मी अजून कुरकुंभच्याच कंपनीत आहे, स्टोअरला. केमिकलचा वास आता येत नाही, म्हणजे येतो, पण मला कळत नाही.

तू जे करायला सांगितलंस त्याचं उत्तर देणारच आहे. पण आधी वर्षभरात काय झालं ते ऐक. आगगाडी चालवायच्या गेमची साईट आपण दोघींनी काढली, तेव्हा तुला हे कळायला हवं.

मागच्या नोव्हेंबरात तिथं होतं काय? आपण पॉलिटेक्निकला असताना बनवलेला दौंड–केडगाव मार्ग, दोन डिझेल इंजिनं आणि गप्पा मारायला एक पान. गेममध्ये मुळात सगळं परदेशातलं, बर्फ आणि बोगदे. त्यात पाटसचं स्टेशन आणि उसाचे ट्रॅक्टर थांबलेलं फाटक तू आणलंस. शिरूरला रेल्वे नाही, तू पहिली गाडी बघितलीस ती आमच्या दौंडच्या पुलावर उभी राहून. आणि तूच अशी स्टेशनं काढलीस, की आबा स्क्रीनकडे बघून कोण मास्तर ड्यूटीवर आहे ते विचारायला लागले. मी नुसते रूळ जोडले.

जानेवारीत साईट बंद पडली. फुकटची जागा होती. लोक मार्ग उतरवून घ्यायला लागले तसा भार वाढला, आणि त्यांनी न सांगता कुलूप लावलं. मी कंपनीच्या बसमधून उतरले की थेट सायबर कॅफेत बसायचे. शेवटी भुसावळचा एक मेंबर, लोकोशेडला कामाला आहे, त्यानं स्वतःच्या सर्व्हरवर जागा दिली. एकेक फाइल पुन्हा चढवली. गप्पांची जुनी पानं गेली ती गेलीच. त्यात तुझेही जोक होते.

नंतर घरी ब्रॉडबँड घेतलं आणि साईटवर मराठी अक्षरं आणली. आधी सगळे इंग्रजी अक्षरांत मराठी लिहायचे, वाचताना डोकं दुखायचं. आता मंडळी देवनागरीत भांडतात. सोलापूरचे एक मास्तर आहेत, मनमाडचे रिटायर झालेले गार्ड आहेत, पुण्याची कॉलेजची पोरं तर पुष्कळ. मार्गाखाली आपल्या दोघींची नावं होती, पण गप्पांत मी नुसती 'अॅडमिन' म्हणून लिहायचे, म्हणून सगळे मला 'अॅडमिनभाऊ' म्हणायचे. मीही दुरुस्त केलं नाही. मुलगी आहे कळलं की कामाचं सोडून भलतंच विचारतात, हे आपण लॅबमध्ये दोघींनी भोगलं होतं.

जूनमध्ये रविराजनं नाव नोंदवलं. तुझा भाऊ आहे हे मला पहिल्या दिवशीच कळलं, मी काही बोलले नाही. आधी चांगला वागला. इंजिनांचे रंग करून दिले, छान होते. मग एक किरकोळ वाद झाला. मनमाडकडे जाणाऱ्या गाडीचं इंजिन दौंडला काढून दुसऱ्या टोकाला लावतात, त्याला गेममध्ये किती वेळ द्यायचा यावरून. मी त्याचं मान्य केलं नाही. त्यावर त्यानं सगळ्यांसमोर लिहिलं, "तुमचा अॅडमिनभाऊ म्हणजे दौंडच्या भीमनगरातली पोरगी आहे. आमच्या घरातून जिला वाटेला लावली, तिचं तुम्ही ऐकता."

तेजू, त्या रविवारबद्दल लिहायचं नाही असं ठरवून मी पत्राला बसले होते. पण आता आलंच आहे.

तुमच्या शिरूरच्या घरी आपण जेवायला बसलो होतो. काकूंनी मायेनं वाढलं होतं. काकांनी आडनाव विचारलं. गायकवाड म्हटल्यावर खुलले, त्यांच्या पाहुण्यांत गायकवाड आहेत. मग मूळ गाव विचारलं, मग भावकी. माझ्या उत्तरांवरून काही जुळेना, तेव्हा म्हणाले, "दौंडात राहायला कुठं, बाळ?" मी खरं तेच सांगितलं. काका वाईट काही बोलले नाहीत. उठले, हात धुतले आणि रविराजला म्हणाले, "हिला स्टँडवर सोडून ये." माझं जेवण अर्धं राहिलं होतं. तू ताटात बघत बसलीस.

नंतर फोनवर म्हणालीस, काही दिवस येऊ नकोस. तुझं लग्न झाल्याचं मला आपल्या मेसच्या अनसाबाईंकडून कळलं.

मी तुझ्यावर रागावले होते. अजून आहे. पण त्या घरात तुला किती बोलता येत होतं तेही मला माहीत होतं, म्हणून हा राग मी कुणापाशी काढला नाही. घरी विचारलं तेव्हा मी जेवण झकास होतं म्हणाले.

तर रविराजचं ते वाचलं, तेव्हा पहिला विचार आला साईटच बंद करून टाकावी. आबा शेजारी बसले होते, त्यांनीही वाचलं. 'वाटेला लावली' यावर त्यांनी एकदा माझ्याकडे बघितलं. मी म्हणाले, हे पुसून टाकता येतं, कुणी फारसं बघितलेलं नसेल.

आबा म्हणाले, "भीमनगरातली हायेस, ह्यात पुसण्याजोगं काय हाय? त्यानं शिवीसारखं लिव्हलंय. तू नावासारखं लिही. जायचे त्ये जातील."

मी लिहिलं: 'मी गौतमी गायकवाड. दौंडच्या भीमनगरात राहते. ही साईट मी चालवते. इथं कुणाची जात काढणाऱ्याला जागा नाही.' आणि रविराजचं खातं बंद केलं.

बरेच जण गेले. काही त्याच्याबरोबर, काही नुसतेच गप्प झाले. रविराजनं दुसरी साईट काढली आणि आपला दौंड–केडगाव मार्ग उचलून तिथं टाकला. मार्गाखालची आपली नावं काढली. माझं काढेल हे मी धरलंच होतं. त्यानं तुझंही काढलं, तिथं स्वतःचं टाकलं.

आपल्या साईटवर दोन दिवस कुणी एक अक्षर लिहिलं नाही. मग मनमाडच्या गार्डसाहेबांचं आलं: 'ताई, पाटसला एक सिग्नल रुळाच्या चुकीच्या बाजूला दाखवलाय. बघून घ्या.' बाकी काही नाही. मी तो सिग्नल हलवायला बसले आणि मला रडू आलं. हलवून झाल्यावर जेवले.

तिथून मात्र थांबले नाही. मार्ग यवतपर्यंत नेला. सोलापूरच्या मास्तरांनी फलाटांवरची कडुनिंबाची झाडं केली, भुसावळवाल्यानं इंजिनाचा खरा आवाज आणला. रविराजच्या मार्गात काही बिघडलं की दुरुस्त करायला तिथं कुणी नव्हतं, ती साईट दसऱ्याच्या सुमारास बंद पडली. याचा मला फार आनंद झाला असं नाही. त्याचे रंग खरंच छान होते.

मागच्या महिन्यात मंडळी दौंडला जमली. दिवसभर फलाटावर फिरलो, इंजिन काढताना-लावताना बघितलं, आबांनी केबिनमधल्या जुन्या ओळखी काढल्या. जेवायला सगळे आमच्या घरी. आईनं कुळथाची शेंगोळी केली होती. सोडून गेलेल्यांपैकी पुण्याचा एक जण आला होता. खाली मान घालून जेवत होता. मग त्यानं आईपुढे वाटी केली आणि आणखी मागितली. आता तो उरुळीपर्यंतचे रूळ जोडतोय.

आता तुझं.

तू लिहितेस, 'साईटवर माझं नाव आहे ते काढ, तुझ्या नावाशेजारी कुणी बघितलं तर सासरी बरं दिसणार नाही.' तेजू, मी ते काढणार नाही. ती स्टेशनं तू काढलीस. अनोळखी माणसं रोज तुझ्या पाटसला गाडी थांबवतात आणि खाली तुझं नाव वाचतात. तुझ्या भावानं ते एकदा खोडलं. तेच काम माझ्या हातून होणार नाही.

पण तुला अडचणीतही टाकायचं नाही. तुझं खातं चालू आहे. पहिल्या दिवशी दोघींना सारखे अधिकार दिले होते, ते तसेच आहेत, पासवर्डही तोच. सणसवाडीत चौकात सायबर कॅफे आहेत म्हणतात. आत जा आणि नाव नकोच असेल तर तुझ्या हातानं काढ. मी ते परत घालणार नाही आणि का काढलंस ते कधी विचारणारही नाही.

आणि आत आलीसच, तर उरुळीचं स्टेशन अजून कुणी काढायला घेतलेलं नाही. मी कुणाला देतही नाहीये.

जय भीम.

तुझी,
गौतमी गायकवाड
भीमनगर, दौंड