साहेबांची शिंक आणि एक वाचवलेली सूचना

तीर्थरूप दादा,

इथूनच वाकून नमस्कार. तुमचा गुडघा आता जिना चढू देतो का? मी खुशाल आहे; म्हणजे परवापर्यंत जरा जास्तच खुशाल होतो.

तुम्ही विचारलं होतंत, मी दिवसभर करतो तरी काय. आमची कंपनी आवाज टिपायचं, मुठीत मावणारं यंत्र करते. यंत्राला आवाज म्हणजे नुसती आकड्यांची रांग; आवाज मोठा, तर आकडा मोठा. प्रत्येक आकडा थोडा वाढवून मोठ्या खणातून लहान खणात बसवायचा, तेही सेकंदाला अठ्ठेचाळीस हजार वेळा. हे मी असेम्ब्लीत, म्हणजे चिपच्या मातृभाषेत, लिहितो. (आपल्या गणिताच्या मास्तरांसारखीच ती, लाडीगोडी चालत नाही.) एकेक सूचना, म्हणजे चिपला दिलेला एक हुकूम, कमी झाली की बॅटरी तेवढी जास्त टिकते. तीन आठवडे घासूनपुसून मी पाच सूचनांच्या चार केल्या. पाचवी नुसती पहारेकरी होती: आकडा खणात मावत नसेल तर त्याला काठावर अडवायचं. पाहावं तेव्हा हा गडी रिकामाच. दिला काढून.

आता माझं शहाणपण ऐका. चाचणीला मी तुमच्या सकाळच्या प्रार्थनेचं रेकॉर्डिंग लावत असे. काम होतं आणि देवाचं नावही कानावर पडतं. पण दादा, तुम्ही देवाशी इतकं हळू बोलता, की एकही आकडा कधी काठापर्यंत पोचला नाही!

परवा सगळ्यांसमोर यंत्र दाखवताना साहेबांना शिंक आली. काठ ओलांडलेला आकडा थेट तळाला जाऊन आदळतो. यंत्रातून पत्र्याचं छप्पर कोसळल्यासारखा आवाज आला. साहेब म्हणाले, "ही माझी शिंक?" चाचणीवाल्या बाई म्हणाल्या, "साहेब, हे यंत्र फक्त मवाळ माणसांसाठी आहे."

मी चिपचं पुस्तक उघडलं. 'बघू कधीतरी' म्हणून जे पान मी ओलांडलं होतं, तिथेच एक सूचना सापडली: खणात बसवते आणि काठावर अडवतेही. चारच्या चारच राहिल्या, पहाराही आला. करणाऱ्याने सोय आधीच करून ठेवलेली असते, आपण पान वाचत नाही एवढंच. तेव्हापासून मन शांत आहे.

तुमचा धाकटा

ता. क. : बाई मात्र अडून बसल्यात. सोमवारी एखादा खणखणीत आवाज नीट निघाला नाही, तर माझा कोड काढून जुनाच घालणार. साहेबांना पुन्हा शिंका म्हणता येत नाही. माझ्या माहितीत तसा आवाज एकच, वहिनींचा. पाच मिनिटं टिपून पाठवाल का?

आणखी एक : आधी सांगितलंत तर त्या जपून बोलतील, त्याचा उपयोग नाही. मोबाइल चालू करून ठेवा, आणि हे पत्र त्यांना वाचून दाखवा.