हेलिकॉप्टरच्या जहाजावरचा बदली

गोदीतून, १२ ऑगस्ट

ती. आईस उन्मेषचा सा. न. वि. वि.

फोन जमा करून घेतले, म्हणून पत्र. आमचं कंटेनरचं मालजहाज आता लढाईवर चाललं. वर लोखंडी पत्रे वेल्ड करून हेलिकॉप्टर उतरायला सपाट जागा केली, कंटेनर जोडून त्यांना ठेवायची सोय केली. हेलिकॉप्टरं पाण्यात यंत्र सोडून पाणबुड्या हुडकतील, बाकीची मालजहाजं राखतील. खोटं काहून लिहू, मले भेव वाटून राहिलं. हेलिकॉप्टरचं तेल माझ्या झोपायच्या खोलीखालीच भरलं आहे.

जहाजावर इलेक्ट्रिशियन एकच, तो मी. कन्हानचा जितेंद्र बदली म्हणून गोदीतच राहील. त्याची आई रुख्मिणीकाकू भेटली तर सांग, तो मजेत आहे. सव्वीसला निघू. बाबांले नमस्कार. माया आहे तशीच राहू दे.

तुझा उन्मेष

वाडी, नागपूर, २० ऑगस्ट

चि. उन्मेषले आईचे अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र आलं ते तसंच तुझ्या बाबांले वाचून दाखवलं.  तुझे बाबा म्हणतात, पोरगा एकटा थोडीच आहे तिथं. त्यांचं काय जाते, दिवसभर गोदामात ट्रक भरतात अन् रात्री घोरतात.

काल त्यांले न सांगता मी तुझ्या कंपनीत फोन लावला. म्हटलं, उन्मेषच्या बाबांले अटॅक आला, आयसीयूत आहेत, पोराले पाठवा. ते ठणठणीत आहेत रे, आत्ताच झुणका-भाकर खाऊन गोदामात गेले. आपल्याच कुंकवाबद्दल असं बोलताना जीभ अडखळली, पण बोलली. तुले रागवायचं तर रागव बापा, पण त्या जहाजावरून खाली उतर. आईवर जीव ठेव.

तुझी आई, यमुना

गोदीतून, २७ ऑगस्ट

ती. आईस सा. न.

तुझं पत्र आज मिळालं. जहाज काल सुटलं.

बाबांच्या अटॅकचा निरोप कंपनीकडून माझ्यापर्यंत पोचला तो जहाज सुटायच्याच सकाळी. जितेंद्रनं माझी बॅग खाली आणून दिली. म्हणाला, माझा बाप तर गेला, तुझा आहे तोवर तू जा. अन् माझ्या जागी तो चढला. त्याच तेलावर आता तो झोपत असेल. खाली उतरताना, बाबांच्या एवढ्या काळजीतही, मले जरा हायसं वाटलं होतं. ते आता सोसवत नाही.

कंपनीचे कागद आटोपून पाच सप्टेंबरले येतो, पण आधी कन्हानले जाईन. तूही तिथं ये. जितेंद्र माझ्या जागी कसा गेला, ते रुख्मिणीकाकूले आपण दोघांनीच सांगायचं आहे. मले तिच्यासमोर जायचं भेव वाटते, तुलेही वाटत असेल, तरी ये. रागावलो आहे, पण माया तुटली नाही. तुझीही तुटू देऊ नको.

उन्मेष

ता. क. बाबांले सोबत आण. ते आपल्या पायानं चालत येताना तिले दिसू देत.