वेदांतचे बाबा

५ जानेवारी
काल संध्याकाळी नवा रायपूरला पोचलो, सामानही लागलं. फ्लॅट चांगला आहे, भरपूर उजेड. खाली रुंद, रिकामे रस्ते; एवढे कोणासाठी बांधलेत कळत नाही. वेदांतचं ऑफिस जवळच आहे. गोंदियाचं घर मोडताना यांची वेताची खुर्ची तेवढी मी हट्टानं आणली. सोफा आहे ना आई, म्हणाला. असू दे म्हटलं. शेजारच्या सोनियाला कढई कुठे मिळेल विचारलं, तर "हव आंटी, चलिए" म्हणून तिनं गाडीत बसवून थेट गोल बाजारात नेलं. बरं वाटलं.

८ जानेवारी
पोट्टा सकाळी जातो, दिवे लागल्यावर येतो. दुपार सरत नाही. माझी शाळा चौथीत सुटली, पण वाचनालयातल्या रहस्यकथा कधी सुटल्या नाहीत. म्हणून यांच्या आजारपणात वेदांतनं टॅबलेटवर एक खेळ घालून दिला होता. बर्फात अडकलेली सराई, खोल्याखोल्यांत मेलेली माणसं. कोण, कुठे, कसा मेला ते आपण ताडायचं. मी चपला निरखायची, हे घड्याळं. भांडायचो सुद्धा. शेवटचं प्रकरण मी एकटीनं सोडवलं, यांच्या तेराव्यानंतर. बरोबर आलं. सांगायला कोणी नव्हतं.

१२ जानेवारी
तसाच दुसरा शोधून दे म्हटलं. वेदांत हसला. सगळ्यांच्या आया भजन ऐकतात, तुले मुडदेच पाहिजे, म्हणाला. पण बसून शोधले. एकात नुसती पळापळ. दुसऱ्यात आपण अडलो की खेळच बोट दाखवतो. मग माझं डोकं कशाला? तिसऱ्यात खुनी कोण ते पहिल्याच चित्रात कळलं. काढून टाकले.

१५ जानेवारी
आज एक आपोआप उतरलेला दिसला. नाव नाही, बंद दाराचं चित्र फक्त. वेदांत म्हणतो, मी नाही टाकला. उघडला तर चक्क मराठीत. एक खोली, खुर्चीत पाठमोरा माणूस, खाली तीन चौकटी: कोण, कुठे, कसा. मदत काही नाही. असाच हवा होता.

१६ जानेवारी
खुर्ची वेताची आहे. डाव्या हाताचा सुटलेला वेत सुतळीनं बांधलाय. ती गाठ माझी आहे.
भीती नाही वाटली. आनंद झाला. कितीतरी दिवसांनी यांची पाठ बघितली.
कुठे: खुर्चीत. कसा: बसल्या जागी श्वास थांबला. पण कोण? यांचं नाव मी घेतलं ते लग्नातल्या उखाण्यात. त्यानंतर नाही. इस्पितळातसुद्धा "वेदांतचे बाबा" असंच सांगायची, नर्स हसायची. इथेही तेच लिहिलं. चौकटीनं पहिलं नाव तेवढं ठेवलं, बाकीचं पुसलं. वेदांत. मी खोडायच्या आत खाली आलं: उत्तर मान्य.
खेळच आहे, म्हणून टॅबलेट मिटला.

१७ जानेवारी
वेदांत आज चहा घेऊन यांच्या खुर्चीत बसला. आजवर कधी बसला नव्हता. ऑफिसची वेळ टळली. ऊठ म्हटलं तर चिडला, "बसून राहिलो ना आई, काहून मागं लागली?" मग त्याला दम लागला. यांना लागायचा तसाच.
सोनियाला बोलवायला गेले. कडी निघाली, दार नाही.

त्याच दुपारी
फोन लागत नाहीत. दारावर हात सुजेपर्यंत मारलं. पलीकडे सोनिया दूधवाल्याशी हुज्जत घालत होती, शब्द न् शब्द ऐकू आला. तिला माझं काहीच ऐकू गेलं नाही.
टॅबलेटवरचं चित्र बदललं. खुर्चीत निळा सदरा. वेदांतचा.

१८ जानेवारी
त्याला उचलून बघितलं. उठतच नाही. म्हणतो, आई, खिडकी उघड. उघडीच आहे.
चौकटीवर बोट ठेवलं तर नाव पुसलं गेलं. यांचं लिहायचं होतं. हात पुढे जाईना — मग लिहिलं. शालिग्राम. रागावू नका.
खाली आलं: हे आधीच गेले आहेत. घरातलं नाव द्या.
घरातलं —

वेदांतचे ओठ निळे पडलेत. घरात आम्ही दोघंच.
माझं नाव, इंदू. लिहिलं.

तो उठला. खाडकन दार उघडलं. बाहेरचा उजेड आत आला, लेकाच्या तोंडावर रंग आला — देवा —
मी खुर्चीत आहे. कधी बसले आठवत नाही. वही मांडीवर.

तो हाका मारून राहिला. ओ देते. त्याच्या कानी जात नाही. माझ्या अंगावरून त्याची नजर जाते, खुर्ची रिकामी असल्यासारखी —
दम लागतो —
बाहेर जा ना रे. मला शोधू नको. स्वयंपाकघरात बघितलं, बाल्कनीत बघितलं, आता पुन्हा आतल्या खोलीत —
दार हळूहळू मिटतंय —
वही तरी दिसेल म्हणून मोठ्या अक्षरात लिहिते. वेदांत, आई गेली. तू बाहेर पड. मागं वळून बघ, दार —