अकरा भोकांची पाटी

प्रिय बाकिस,

पावाच्या पिशवीत, वरच्या पावांखालीच हे पत्र सापडेल. आई तुझ्यासाठी आठवड्याचे पाव भरत होती, ती चीज आणायला वळली तेवढ्यात मी ते आत सरकवलं. फोन तू उचलत नाहीस, आणि वर मेंढवाड्यावर येऊन तुझ्या कुत्र्यांशी झोंबाझोंबी करायची माझी हौस केव्हाच फिटली आहे, म्हणून हा कागद. फाडायचा असेल तर खुशाल फाड, पण शेवटपर्यंत वाचून. शाळेत गणिताचं पहिलं वाक्य वाचूनच वही भिरकावायचास आणि मग बाबांचा पट्टा खायचास, तसं करू नकोस.

आईचे गुडघे तसेच आहेत. बुस्तियानुकाकांचा गडी कोस्तेल अजून तुरुंगात आहे. शुक्रवारी त्याची सुनावणी आहे आणि त्याचा वकील म्हणतो, मालकाचा खून म्हणजे उरलेला जन्म आतच. त्याची बायको रुमानियाहून आली आहे. दिवसभर चौकातल्या बाकावर बसते, तिच्या शेजारी अख्ख्या ओर्तुए गावातलं कुणी बसत नाही. परवा भरदुपारी कुणीतरी तिच्या पायाशी मेंढीचं कापलेलं डोकं टाकून गेलं. माझं डोकंच फिरलं. मी ते कानाला धरून उचललं आणि चौकाच्या मध्यावर उभी राहून ओरडले, "ज्याचं असेल त्याने मुकाट्याने घेऊन जा, नाहीतर एकेकाच्या जेवणाच्या ताटात आणून वाढेन!" खिडक्या पटापट बंद झाल्या. त्या बाईने मला तिच्या भाषेत काहीतरी विचारलं. मला कळलं नाही, पण माझी मान खाली गेली.

तू नेहमी विचारायचास, रस्ते काय शोधत फिरतेस, मोठा चांगला डांबरी आहे की. आमच्या सायकल क्लबातली अस्सुंता गेली तेव्हा मी तिच्या मागे दहा हातांवर होते. ट्रकवाल्याने आधी भोंगा वाजवला, मग शिवी दिली, मग मुद्दाम ट्रक तिच्या अंगावर चेपत आणला. तिच्या हेल्मेटचा अर्धा तुकडा मी माझ्या हाताने उचलला आणि त्यात काय होतं ते मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. पुढच्या वळणावर तो ट्रकवाला थांबून बघत होता. मी सायकलच्या पंपाने त्याचे दोन दात पाडले, बाकीचे लोकांनी वाचवले. त्या दिवशी ठरवलं, की क्लबची फेरी मी आखीन आणि माझा एकही माणूस मोठ्या रस्त्यावर घालणार नाही.

तेव्हापासून आखणी म्हणजे माझा धर्म झाला. प्रत्येक रस्त्याने तीनदा जायचं. एकदा कामाच्या दिवशी सकाळी, एकदा रविवारी शिकारी जीप घेऊन उंडारतात तेव्हा, आणि एकदा बरोबर त्या वेळी, ज्या वेळी आपले लोक तिथे पोचणार. दगडावर बसून तासभर गाड्या मोजायच्या. रानटी नासपतीच्या फाट्यावर मी दुपारी साडेबारा ते दोन बसले आणि एकही गाडी आली नाही, एकही! आनंदाने मी एकटीच टाळ्या वाजवल्या. चारशे किलोमीटरच्या फेरीतला तो सगळ्यात शांत तुकडा, एकशे अठ्ठेचाळिसावा किलोमीटर. अडचण एकच, पुढे चार किलोमीटरवर बुस्तियानुकाकांच्या कुरणाचं फाटक होतं आणि ते बंद असायचं.

तुझ्या अठरा एडक्यांच्या पायांच्या शिरा कापल्या गेल्या, ती पहाट मी विसरलेले नाही. एकेकाचं डोकं मी मांडीवर धरत होते आणि तू गोळी घालत होतास. शेवटच्याच्या वेळी तू म्हणालास, "ताई, ज्याने हे केलं त्याला मी दोन पायांवर उभा राहू देणार नाही." बुस्तियानुकाकांनीच केलं असं तू ठरवून टाकलंस, कारण कुरणाच्या हद्दीवरून महिनाभर आधी तुमची हमरीतुमरी झाली होती. मग त्यांचे दोन कुत्रे तोंडाला फेस येऊन मेले, मग त्यांची गाडी जळाली. मी तुला काही विचारलं नाही. आपल्या घरात विचारत नाहीत.

त्या माणसाच्या दारात मी फाटकासाठी गेले, सायकल हातातच धरून. काकांनी मला आपादमस्तक न्याहाळलं आणि म्हणाले, "ये की. तुझ्या भावाने गाडी जाळली, आता तू सायकल घेऊन आलीस होय?" मग वाइन ओतली. म्हणाले, "एडक्यांचं मी केलं नाही, पोरी. मी माणसाशी भांडेन, मुक्या जनावराशी कशाला? पण हे तुझ्या भावाला सांगायला मी त्याच्या दारात जाणार नाही, आणि तो माझ्या दारात येणार नाही, म्हणजे झालंच." फाटक उघडायला ते कबूल झाले. वर म्हणाले, कोस्तेलला तिथे चीज आणि पाणी घेऊन उभं करतो, आणि मी स्वतः जेवण झाल्यावर फाट्यावर येऊन बसतो. "पुढच्या पळणाऱ्यांना काय बघायचं, दिसेपर्यंत गेलेले असतात. मागच्या रडतराउतांशी गप्पा मारीन."

हे सगळं मी घरी येऊन तुला सांगितलं. तू टेबलापाशी आलास आणि आयुष्यात पहिल्यांदा माझ्या नकाशावर वाकलास. वीस वर्षं "ताईची चाकं" म्हणून खिल्ली उडवणारा माझा भाऊ बोट ठेवून विचारत होता, इथे किती वाजता पोचणार? सगळे एकदमच? मध्ये कुणीच नाही असं कधी होतं का? मला इतकं बरं वाटलं, बाकिस! मी पेन्सिल घेऊन तुला समजावलं, की वेगवान टोळी बारा वीस ते बारा पस्तीसला जाईल, मागची मंडळी एक वीसनंतर, मधला पाऊण तास फाट्यावर चिटपाखरू नसेल. फेरीच्या दिवशी गावात सायकलवाल्यांच्या जेवणासाठी मांडलेल्या आपल्या टेबलावर राजमा वाढायला येतो असंही तूच म्हणालास. मला वाटलं, माझा भाऊ निवळला. त्या आनंदात मी तुझ्या आवडीची डुकराच्या सॉसेजची भाजी केली होती.

साडेबाराला तू "पाव कमी पडतील, आणतो" म्हणून जीप घेऊन गेलास आणि दोनला आलास. मनगटांवर काट्यांचे ओरखडे होते. दोन ताटं राजमा खाल्लास, उशिरा आलेल्या एका बाईला "आजी, घोडा देऊ का?" म्हणून चिडवलंस, सगळे हसले, मीही हसले. तुझा शर्ट आईने मशीनमध्ये टाकला नाही, दगडी कुंडीत हाताने धुतला. तेही मी पाहिलं. दुसऱ्या दिवशी सकाळी फाट्याखालच्या झुडपांत काका सापडले, गोळी लागून मेलेले. डॉक्टर म्हणाला, आदल्या दिवशी कधीतरी, उन्हामुळे नेमकं सांगता येत नाही. पोलिसांना नेमकं हवंच होतं कशाला? पहाटे दूध काढताना कोस्तेलने रजेवरून मालकाशी भांडून बादली फेकली होती, शेजाऱ्यांनी ऐकली होती. कोल्हे हाकायची काकांची बंदूक त्याच्या खोलीत होती. मालक दुपारी जेवले, मी वाढलं, असं तो रडून सांगत राहिला, पण दुपारी फाटकावर सायकलवाल्यांना पाणी देणारा हा माणूस तेव्हा कुणाला मारू शकत नव्हता, म्हणून खून सकाळीच झाला असं त्यांनी धरलं. काका फाट्यावर येणार होते हे मीही सांगितलं. साहेब म्हणाला, "बत्तीस जण तिथून गेले बाई, एकालाही ते दिसले नाहीत. म्हणजे तेव्हा ते जिवंतच नव्हते." मग त्याने तुझ्याबद्दल विचारलं. त्याचा प्रश्न संपायच्या आत मी म्हणाले, दिवसभर माझ्याजवळच होता. बाबांची बंदूक हरवल्याची तक्रार तू फेरीच्या आधीच, मे महिन्यात, नोंदवून ठेवली होतीस, हे साहेबाकडूनच मला कळलं.

आता तुला माहीत नसलेलं सांगते. फेरीत प्रत्येकाकडे एक कार्ड असतं आणि वाटेतले कॉफीचे बारवाले त्यावर शिक्का मारतात; जिथे बार नाही, शिक्का मारायला माणूस नाही, तिथे आम्ही कार्डावर एक प्रश्न छापतो. सायकलवाल्याने थांबायचं, बघायचं, उत्तर आणि वेळ लिहायची, म्हणजे तो आडवाटेने पळाला नाही हे कळतं. हा प्रश्न निघायच्या सकाळपर्यंत मी कुणालाही सांगत नाही, तुलाही सांगितला नव्हता. फाट्यावर दुसरं काय होतं? आपल्या लोकांनी नेम धरून चाळण केलेली गावाची पाटी. मी प्रश्न घातला, पाटीला गोळ्यांची भोकं किती? मी मोजली होती, अकरा.

त्या गडबडीत कार्डं मी बिस्किटांच्या डब्यात टाकून ठेवली. गेल्या आठवड्यात पदकं पाठवायची म्हणून तपासायला बसले. वेगवान टोळी, नऊ जण, अकरा. कालियारीच्या रायमोंदोआजोबांच्या चाकाची तार तुटली होती म्हणून ते टोळीमागे एकटे राहिले, त्यांचं एक वाजून पाच मिनिटं, अकरा. त्यांच्यानंतरचा पहिला माणूस एक पंचवीसचा, बारा. त्याच्या पुढचा, बारा. मी लाल पेनने "मोजता येत नाही का?" लिहायला लागले आणि तिसऱ्या कार्डावर हात थांबला. बावीस जण, सगळे बारा. मी तशीच उठून सायकल काढली. बारावं भोक अंगठा जाईल एवढं आहे, रानडुक्कर मारायच्या गोळीचं, बाकीच्यांसारखं गंजलेलं नाही आणि पत्रा रस्त्याच्या बाजूला फाटलाय. म्हणजे गोळी मागून आली, रस्त्याकडेच्या दगडी गडग्यामागून. पोलिसांनीही ती पाटी पाहिली होती, पण चाळणीची भोकं कोण मोजतं? रायमोंदोआजोबांना मी फोन केला. ते म्हणाले, "तिथेच ना, जिथे मी गडग्यावर लघवी केली? छान सावली होती, दोन गाणी म्हटली." म्हणजे तू त्यांच्यापासून सात पावलांवर बंदूक छातीशी धरून त्यांची गाणी संपायची वाट बघत होतास. आणि मागचे बावीस जण चिंचोळ्या सावलीत उभे राहून भोकं मोजत होते, तेव्हा काका त्यांच्यापासून पंधरा पावलांवर पडलेले होते.

एक गोष्ट माझ्या मनातून जात नाही. काका गडग्याकडे तोंड करून पडले होते, दोन्ही हात पुढे. पहिली गोळी पाटीला लागली, त्या आवाजाने ते वळले, आणि दुसरीच्या आधी त्यांनी तुला पाहिलं. काय म्हणाले रे ते? मला खात्री आहे, काहीतरी म्हणाले असणार, तो माणूस गप्प बसणारा नव्हता. एडक्यांचं ते खरंच बोलत होते की नाही, मला माहीत नाही. तुलाही माहीत नव्हतं. मी ज्या रस्त्यावर माणसं मरू नयेत म्हणून तासन्तास दगडावर बसले, तो रस्ता, ती वेळ, तो पाऊण तास, सगळं मी माझ्या पेन्सिलने तुझ्या हातात दिलं. मला तुझा राग येतो, इतका की झोपेत दात खाते. आणि पाव भरताना आई तुझ्यासाठी जाडसर वेगळे काढते ते बघून रडूही येतं.

आता हे कशासाठी लिहिलं ते. गुरुवारी सकाळी नऊला मी घरून निघणार आहे, सायकलने, कार्डं पाठीवरच्या पिशवीत. नुओरोला सरकारी वकिलाकडे जाऊन ती देणार आणि मी खोटी साक्ष दिली हेही सांगणार, त्याची शिक्षा होईल ती भोगेन. कोस्तेलच्या वकिलाकडे सगळ्या कार्डांचे फोटो आधीच आहेत, तेव्हा मला अडवून तुझं काही वाचणार नाही. मोठ्या रस्त्याने मी जात नाही, तुला माहीत आहे. पावणेदहाला फाट्यावर असेन, एकटी, आणि पाच मिनिटं थांबेन. तू आपण होऊन आलास तर शिक्षा कमी होते असं वकील म्हणाला. तेव्हा रस्त्यावर उभा राहा, सगळ्यांना दिसेल असा, हात मोकळे ठेवून. जीप तिथेच सोडू, उतार आहे, तुला सायकलच्या दांडीवर बसवून नेईन. आणि गडग्यामागेच बसायचं ठरवलंस, तर ताईचं एवढं ऐक, पहिली गोळी चुकवू नकोस. मला मागे वळून तुझं तोंड बघायचं नाही.

तुझीच,
गाविनाताई