दुर्गाच्या ऑपरेशनचं कोणी ठरवायचं

भोकरदन
११ ऑक्टोबर २००३

ती. अक्का,

धाकट्या तातेरावचं डोकं तुझ्या पायांवर (पत्रातून ठेवलेलं असल्यामुळं तुला कान धरता येणार न्हाई, तेवढाच माझा फायदा). तुझे गुडघे, दाजींचा खोकला आणि घनसावंगीचा ऊस, तिन्ही बरे असतील असं धरून चालतो. इकडं आम्ही खुशाल आहोत. दुर्गाचे केस परत आले, आणि गेल्ते त्याहून कुरळे आले. कंगवा अडकतो म्हणून रोज सकाळी कुरकुर करते. अक्का, ती कुरकुर मला दिवसभर ऐकावी वाटते.

आता मुद्द्याचं. गेल्या वर्षी कॅन्सरपायी तुझ्या भावजयीची डावीकडची छाती काढली, हे तुला माहीतच आहे. (हा शब्द मोठ्या बहिणीला लिहायचा म्हणून मी तीन कागद फाडले. दुर्गा म्हणाली, रोगाचं नाव लिहायला लाजला न्हाईत, मंग अवयवाला काय झालं?) इंजेक्शनं झाली, मशीनचा शेक झाला, आणि ऑगस्टात औरंगाबादचे डॉक्टर म्हणाले, आता रोगाचं काही दिसत न्हाई. मन असेल तर पोटाचं न्हाईतर पाठीचं मांस वर आणून छाती परत घडवता येते. न्हाई केलं तरी तब्येतीला काही फरक पडत न्हाई. घाई न्हाई, ठरवून सांगा.

"ठरवून सांगा" हे ते दुर्गाकडं बघून म्हणाले, पण ऐकलं मी. बावीस वर्षं एसटीत कंडक्टरकी केल्यावर, कोणी कुठं उतरायचं ते आपणच सांगायची सवय लागते. परतीच्या गाडीत फुलंब्रीला मी हो ठरवलं, सिल्लोडला न्हाई ठरवलं, आणि भोकरदनला उतरेपर्यंत पुन्हा हो. शेजारी दुर्गा बसलेली होती, तिला विचारायचं राहून गेलं. दुसऱ्या दिवशी डेपोत बद्रीनाथला नाव न घेता विचारलं, "एका माणसाच्या बायकोचं असं असं आहे." संध्याकाळपर्यंत तो माणूस कोण ते सगळ्या डेपोला कळालं होतं. बद्रीनाथनं सल्ला म्हणून शर्ट वर करून स्वतःच्या हर्नियाची शिवण दाखवली. त्यातून मला काही उलगडा झाला न्हाई.

तोवर मी घरगुती इलाज केला. दुर्गा ब्लाउजात जुन्या लुगड्याच्या धडप्याची गुंडाळी ठेवायची. आपल्या पिठाच्या गिरणीत दळणाचा डबा उचलला की ती वर सरकायची. मी म्हटलं, हिला वजन पाहिजे. मंग सरकी घेतली, कापूस घेतला, गिरणीच्या काट्यावर तोलून छोटी उशी शिवली (टाके माझेच, म्हणून जरा चालत्या गाडीत शिवल्यासारखे). बराबर बसली. चार दिवसांनी दुर्गानं ती धुऊन दोरीवर वाळत घातली, आणि शेजाऱ्याच्या शेळीनं खाल्ली. शेळीला सरकी दिसल्यावर ती कुणाची काय आहे हे बघत न्हाई. दुर्गा इतकी हसली की खाली बसली. वर्षात पहिल्यांदा हसली असेल. मंग हसता हसता रडायला लागली, आणि मी हातात अर्धी उशी घेऊन उभा.

सप्टेंबरात दवाखान्यात गेल्तो तेव्हा आम्हाला मेहरुन्निसाबाईंकडं पाठवलं. मूळच्या जालन्याच्या. ऑपरेशनचं ठरवण्याआधी पेशंटशी बोलत बसायचं, हेच त्यांचं काम. त्यांनी विचारलं, "बाईंना काय पाहिजे?" मी सुरुवात केली. "तुम्हाला न्हाई विचारलं, भाई." दुर्गाला विचारलं तर ती म्हणाली, "यांना बरं वाटंल ते."

बाईंनी पेन खाली ठेवला. "ऑपरेशन यांच्या अंगावर करायचं न्हाई."

मंग त्यांनी फोटो दाखवले, चांगले झालेले आणि न झालेलेही. एक बाई भेटवली जिनं करून घेतलं, एक जिनं न्हाई. दोघी मजेत होत्या, म्हणून माझी आणखीच पंचाईत. नव्या छातीला पहिल्यासारखी जाणीव येणार न्हाई, पोटाचं मांस घेतलं तर तीन महिने डबा उचलायचा न्हाई, हे सगळं बिलकुल लपवलं न्हाई. शेवटी माझ्याकडं वळल्या. पंधरा दिवस सल्ला बंद. रोज एकदा "काय वाटतं?" एवढंच विचारायचं आणि गप बसायचं.

अक्का, पंधरा दिवस! तिकीट फाडताना बोलून घ्यायचो, घरी आल्यावर तोंडात घास धरून बसायचो. दहा दिवस ती म्हणायची, "काही न्हाई." अकराव्या दिवशी गिरणीत पीठ झाडता झाडता माझ्याकडं न बघता म्हणाली, "आंघोळ करताना मी भिंतीकडं बघून पाणी घेते. वर्ष झालं. खाली बघत न्हाई." मी काही बोललो न्हाई. माझ्या जन्मातलं सगळ्यात अवघड काम. ती आणखी काही सांगणार, तेवढ्यात दुर्गाबाई दळून द्या म्हणत गिऱ्हाईक आलं, आणि बोलणं तिथंच राहिलं.

तर आता निर्णय सर्वस्वी तिचा. माझं स्वतःचं मत काही न्हाई. सर्वांना यथायोग्य.

तुझा
तातेराव

ता. क. अक्का, मत आहे. तू तिला लिही की नको करू. पहिल्या वेळी आत नेताना तिनं मंगळसूत्र माझ्या हातात दिलं, ते मी चार तास मुठीत धरून बसलो. तळहातावर मणी उठले होते. ती आहे तशी मला पुरी आहे. तिला परत त्या दारातून आत पाठवायची माझ्यात हिंमत न्हाई. तुझं ती ऐकते. मी सांगितलं असं कळू देऊ नको.

ता. क. (अक्षर माझं, दुर्गाचं.) अक्का, नमस्कार. ह्यांनी पाकीट पेटीत टाकायला माझ्याकडंच दिलं, तेही न चिकटवता. वाचलं, आणि ह्यांना बोलावून सांगितलं की भीती मलाही वाटते. पण म्हटलं, मी तुम्हाला पुरी आहे हे तुमचं झालं, मला मी पुरी वाटत न्हाई. मंग ह्यांनीच उठून कॅलेंडर काढून आणलं आणि विचारलं, तारीख कोणती. ऑपरेशनला तीन नोव्हेंबर, सोमवार धरला. भाऊबीजेला याल तेव्हा लगेच परत निघू नका. आणि तुमची दोन जुनी सुती लुगडी घेऊन या, खूप धुतलेली. पोटावरची शिवण भरेपर्यंत अंगाला दुसरं काही सहन होणार न्हाई.