भैरवनाथाच्या नगाऱ्याची मोटार

४ मार्च २०२५, मंगळवार

फिरली! आधी उलटी फिरली, पण फिरली.

देवळातल्या नगारा-घंटेच्या यंत्राची जुनी मोटार जळाली. आमच्या वाडीत वीज नेमकी आरतीलाच जाते, म्हणून या खेपेला काष्टीहून बॅटरीवरची, कार्बन ब्रशवाली मोटार आणली. सोबत वेग कमी-जास्त करायचा डबा. डब्याला चार स्क्रू — दोन बॅटरीचे, दोन मोटारीचे. बॅटरीच्या तारा उलट लागल्या तर डबा जळतो. मोटारीच्या लागल्या तर ती नुसती उलटी फिरते. मी दुसरी चूक केली. लगेच अदलाबदल केली. सगळं यंत्रामागच्या लाकडी पेटीत बसवलं, वेगाची नॉब तेवढी बाहेर.

सुनील वायरमन म्हणाला होता, रविवारी येऊन लावून देतो. म्हटलं, न्यायशास्त्र शिकलेल्या माणसाला चार स्क्रू जमू नयेत?

नगाऱ्याचा मान भिमाजी गुरवांच्या घराण्याचा. पण खांदा धरलाय, उजवा हात वर जात नाही, म्हणून हे यंत्र. आता यंत्राजवळ उभं राहून डब्याची नॉब फिरवायची — आरती संथ सुरू, शेवटच्या कडव्याला जलद — एवढाच मान त्यांच्याकडे उरलाय. मोटार बघून म्हणाले, "चालतंय तवर चालंल, अण्णा."

हा सूर मला आवडला नाही.

६ मार्च, गुरुवार

आरतीत यंत्र दोन ठोके गप्प. मग पुन्हा सुरू. वळून पाहिलं तर भिमाजी पेटीमागून उठत होते. मनात नोंद केली. इथेही.

९ मार्च, रविवार

आज तीनदा! दर वेळी ठोका चुकतो आणि भिमाजी पेटीमागे. धूर दिसला की अग्नी असणार — पाठशाळेत हे अनुमान घोकून घोकून घसा बसला होता. तीस वर्षांनी उपयोगी पडतंय.

पायरीवर गाठलं. "काका, मागं काय चाललेलं असतं?"

"कुटं काय. त्या तारंकडं येकदा बघा की. न्हाईतर सुनीलला दावा."

"तार मी स्वतः लावलीय."

"व्हय. म्हनूनच म्हनतो."

याला धमकी म्हणावं की थट्टा? दोन्ही असावं.

११ मार्च, मंगळवार

बायकोला सांगितलं. ज्योती भाकरी थापता थापता म्हणाली, "अहो, तुमचा संशय तुमच्या बातम्यांसारखा — आधी मथळा, मग चौकशी." वीस वर्षं पत्रकाराशी संसार केला की माणूस असं बोलायला लागतो. हसलो. पटलं नाही.

१४ मार्च, शुक्रवार

पाहिलं! खांबाआडून, या डोळ्यांनी! भिमाजींचा डावा हात मनगटापर्यंत पेटीत. मी पुढे झालो, त्यांनी दचकून हात काढला — आणि त्याच क्षणी यंत्र बंद! आता अनुमान कशाला? प्रत्यक्ष प्रमाण.

१५ मार्च, शनिवार

सकाळी विश्वस्तांची बैठक. मीच चिटणीस, मीच तक्रारदार. अध्यक्ष हनुमंतरावांनी विचारलं, "भिमाजी, पेटीत हात का घातला?"

"आरती तुटू नये म्हनून."

सगळे हसले. मी सगळ्यांत शेवटी हसलो, पण हसलो. ठराव झाला: भिमाजींनी यापुढे नगाऱ्याजवळ यायचं नाही. चार पिढ्यांचा मान, पाच मिनिटांत. भांडतील असं वाटलं होतं. त्यांनी नगाऱ्याच्या आपल्या जुन्या टिपऱ्या कपाळाला लावल्या, देवापुढे ठेवल्या आणि गेले. वाद घालत नाही तो माणूस मला जास्तच खटकतो.

पेटीला कुलूप लावलं, किल्ली जानव्याला बांधली. वडील तिजोरीची बांधायचे, मी तारांची.

दुपारी पेपरला बातमी पाठवली — 'देवळातील यंत्राशी छेडछाड. मानकऱ्यास दूर केले'. नाव घातलं नाही. गरजही नव्हती. वाडीत गुरवाचं घर एकच.

संध्याकाळी यंत्र पहिल्याच कडव्यात बंद पडलं. पुन्हा सुरू झालंच नाही. लोकांनी टाळ्यांवर आरती म्हटली. जाता जाता काहीतरी करून गेला म्हातारा!

१६ मार्च, रविवार

बातमी लागली. चौकटीत.

सुनील वायरमनला बोलावून पेटी उघडली. त्याने बॅटरी लावली, एक तार बोटाने दाबली. मोटार फिरली. बोट काढलं. थांबली.

"अण्णा, ही तार नीट सोललीच न्हाई तुमी. स्क्रू प्लास्टिकवर आवळलाय. जरा हादरली की सुटती, दाबून धरली तरच चालनार."

अकरा दिवस भिमाजींनी ती दाबून धरली.