बाबांच्या हातची अ‍ॅबसिन्थ

११ नोव्हेंबर, मंगळवार

प्रिय ताई,

नमस्कार. पाकिटावरचं अक्षर ओळखूनही तू हे फोडलंस, त्याबद्दल तुझे आभारच मानायला हवेत. भावजींचं टपाल तूच त्यांना वाचून दाखवतेस, हे मला माहीत आहे. हे मात्र आधी एकटीनं वाच. का, ते पुढे कळेलच.

छोटीला आता बारावं लागेल. मावशी सांगत होती की ती तुझ्या खांद्याला लागलीय आणि बोलण्यात तर तुझ्याही पुढे गेलीय. बाबांनी ते वाक्य दोन दिवस तोंडात घोळवलं. त्यांची तब्येत तशी बरी. गुडघा कुरकुरतो, कान ऐकायचं तेवढंच ऐकतात. माझं लिफ्टचं काम चालू आहे. लिफ्ट चालते तोवर आम्हाला कुत्रं विचारत नाही आणि अडकली की आतल्या माणसाला आईच्या आधी मी आठवतो.

बघ, उगाच इकडचं तिकडचं लिहीत बसलो. मुद्द्यावर येतो.

गेल्या मंगळवारी मी चौकातल्या जुन्या हॉटेलची लिफ्ट उतरवायला गेलो होतो. हॉटेल विकलं गेलंय, इमारत पाडणार आहेत. लिफ्टची मोटर तळघरात आहे. तिथंच हॉटेलचा म्हातारा बारमन आपलं सामान आवरत होता. मी बोल्ट काढतोय, तो ग्लास कागदात गुंडाळतोय. बोलता बोलता त्यानं माझं आडनाव विचारलं. सांगितलं, तसा त्यानं हातातला ग्लास खाली ठेवला. अ‍ॅबसिन्थच्या भट्टीवाल्यांचा मी कोण, असं विचारलं. मुलगा, म्हटलं. मग तो मागच्या फळ्यांमागे गेला आणि फडक्यात गुंडाळलेली एक बाटली घेऊन आला.

लाखेचं सील, बाबांचं लेबल, खाली कोपऱ्यात पेन्सिलीनं बाबांच्या अक्षरात घाण्याचा आकडा. सतरा.

तो आकडा तुला सांगायला नको.

सतराव्या घाण्याच्या सगळ्या बाटल्या ओतून टाका, असा हुकूम आला तेव्हा त्याच्याकडे तीन शिल्लक होत्या. दोन त्यानं दिल्या, त्याच्यासमोर गटारात गेल्या. ही एक त्यानं लपवली. त्याआधी त्याच घाण्यातल्या तीन बाटल्या त्यानं गिऱ्हाइकांना पाजल्या होत्या, स्वतःही घेतली होती. कुणाला काही झालं नाही. “मग तेव्हा बोलला का नाहीत?” मी विचारलं. त्यानं खांदे उडवले. म्हणाला, “बनवणाराच चूक कबूल करून बसला होता. पाजणाऱ्याला कोण विचारतो?”

बाटली पिशवीत घालून जिना चढताना ती तिथंच आपटून फोडावी असं दोनदा मनात आलं. फोडली नाही, एवढंच.

तुला बाबांची कबुली आठवत असेलच. पण तिच्या मागचं तुला कुणी सांगितलेलं नाही, कारण तू त्यानंतर घरी आलीच नाहीस. सतराव्या घाण्याच्या दिवशी बाबांना ताप होता. भट्टीशेजारच्या खुर्चीत त्यांचा डोळा लागला. जाग आली तेव्हा भांड्यात धार पडत होती. ‘पहिल्या धारेची’ मागत येणाऱ्यांना बाबा कसे हाकलून द्यायचे, आठवतं ना? पहिली धार विषारी, ती मोरीत, हा त्यांचा नियम. त्या दिवशी ती टाकली की झोपेच्या गुंगीत राहून गेली, हे त्यांना काही केल्या आठवेना. त्या घाण्यातली बाटली पिऊन भावजींचे डोळे गेले, तिच्यात उरलेल्या दारूत मिथेनॉल सापडलं, आणि बाबांनी आपलं न आठवणं हीच कबुली मानली. परवाना गेला. भट्टीचं तांबं त्यांनी स्वतः कापून भंगारात दिलं. तू दवाखान्याच्या दारात त्यांना म्हणालीस, “तुमचं तोंड पाहायचं नाही मला.” बाबांनी ते अकरा वर्षं आज्ञेसारखं पाळलं.

मंगळवारी मी बाटली त्यांच्यासमोर ठेवली तेव्हा ते मटार सोलत होते. त्यांनी हात पुसले, बाटली खिडकीशी नेली आणि उजेडात धरली. मला वाटलं, ते रडतील. ते दारूचा रंग बघत होते, मूळचा हिरवा किती राहिलाय ते.

“उतरलाय,” म्हणाले. “उतरायलाच हवा. पानांचा रंग आहे. खरीचा रंग असाच वाळल्या पानावर जातो. वर्षानुवर्षं हिरवीगार राहते तिच्यात रंग कालवलेला असतो.”

मग दोन दिवस बाटली कपाटावर. बाबा येता-जाता तिच्याकडे बघायचे, मी बघायचं टाळायचो. गुरुवारी सकाळी त्यांनी दाढी केली, इस्त्रीचा सदरा घातला आणि टेबलाशी येऊन बसले. “उघड,” म्हणाले.

मी म्हटलं, आधी तपासून घेऊ, ओळखीत प्रयोगशाळेतला एक जण आहे. त्यांनी ऐकून घेतलं नाही. तपासणीचा एक कागद त्यांनी आयुष्यात वाचला होता, तेवढा पुरे होता. आता त्यांना स्वतःच्या जिभेनं कळायला हवं होतं. मी म्हटलं, मग मी आधी पितो. त्यावर ते जे बोलले ते तुझ्यासाठी जसंच्या तसं लिहितो: “माझ्या हातच्या बाटलीनं पोरीचा संसार अंधारात घातला. आता जे काय आत आहे ते माझ्याच पोटात जाईल.” शेवटी दोघांनी एकदम घ्यायची, यावर तडजोड झाली.

लाख फोडायला मी फार वेळ लावला. बाबांना वाटलं, भीतीनं. भीती होतीच, पण त्यांना वाटत होती ती नव्हे.

साखर ठेवायचे जाळीचे चमचे त्यांनी केव्हाच टाकून दिले होते. मग ग्लासवर काटा आडवा ठेवला, त्यावर साखरेचा खडा. दोन बोटं अ‍ॅबसिन्थ, आणि बर्फाचं पाणी थेंब थेंब. पाणी बाबांनीच सोडलं. ताई, त्यांचा हात अजूनही असा स्थिर आहे की मी बघतच राहिलो. खडा विरघळायला लागला. पिवळसर द्रवात आधी धाग्यासारखं काहीतरी पांढरं फिरलं, मग तळातून ढग वर यावा तसा सगळा ग्लास दुधाळ झाला. खोली बडीशेपेच्या वासानं भरली आणि तिच्यामागून तो दुसरा वास आला, त्या कडूजहर झुडपाचा. लहानपणी भट्टीवरून आलेल्या बाबांच्या कपड्यांना यायचा, तो.

आम्ही एकमेकांकडे बघितलं आणि प्यालो.

मी बाजारातल्या सगळ्या पिऊन झालोय. विकतच्या हिरव्या, औषधासारख्या, घसा जाळणाऱ्या. अकरा वर्षं मी जिथं जाईन तिथं हीच मागवत आलोय आणि दर वेळी एका घोटात कळायचं की ही ती नव्हे. ही ती होती. जिभेवर आधी गोड, मऊ, मग थंड, मग कडवटपणा हळूच मागून येतो आणि जात नाही. पण तो कडवटपणा हवासा वाटतो, पुढचा घोट तोच मागतो. पोटात ऊब, डोकं मात्र खिडकी पुसल्यासारखं लख्ख. बाबा डोळे मिटून मोजत होते: “बडीशेप... दवणा... शेवटी ते डोंगरातलं पान. बरोबर. सगळं बरोबर.” मी दुसरा ग्लास घेतला. खोटं कशाला लिहू, मला ती आवडली.

आणि प्रत्येक घोटाला मनातल्या मनात मी म्हणत होतो: ही वाईट निघू दे.

हो. आपल्या म्हाताऱ्या बापाच्या हातात ग्लास असताना मी हे म्हणत होतो.

मिथेनॉलचा परिणाम दिसायला दिवस जाऊ शकतो, हे आपल्या घराइतकं कुणाला माहीत असणार? त्या गुरुवारी आम्ही बाहेर पडलो नाही. बाबा दर तासाला भिंतीवरच्या कॅलेंडरमधले बारीक आकडे वाचून बघत. मी माझ्या हाताच्या रेघा बघत होतो. एकदा डोळ्यांपुढे काहीतरी पांढरं हललं आणि जिवात जीव आला. पडदा होता.

शुक्रवारी सकाळी बाबांनी खुर्ची उजेडात ओढली, चष्मा काढून ठेवला आणि पेपरातल्या छोट्या जाहिराती मोठ्यानं वाचल्या. हातभर लांब धरून, न अडखळता. घर भाड्याने, शिवणयंत्र विकणे, मांजर हरवले आहे. वाचून झाल्यावर पेपराची घडी घातली आणि म्हणाले, “मी टाकली होती रे. पहिली धार मी टाकली होती.”

त्यांचा चेहरा तू बघायला हवा होतास. अकरा वर्षं वाकलेला माणूस बसल्या जागी सरळ झाला. चांगली पाचेक मिनिटं तो तसा होता. मग त्यांनी माझ्याकडे बघितलं.

“मग जावयाच्या बाटलीत काय होतं?”

ताई, आता सांगतो.

त्या वर्षी तू बाळंत झालीस, त्याच्या महिनाभर आधी बाबा मावशीकडे गेले होते. मी मित्रांना घरी बोलावलं आणि सतराव्या घाण्यातली एक बाटली आम्ही संपवली. बाबा मोजून ठेवायचे. बोलणी खायची नव्हती, म्हणून मी फर्निचरवाल्याकडून पॉलिशचं स्पिरिट आणलं, त्यात खायचा हिरवा रंग आणि बडीशेपेचा अर्क घातला, बाटली भरली आणि बाबांच्याच लाखेनं, बाबांच्याच शिक्क्यानं सील केली. मागच्या ओळीत ठेवली. पुढे कधीतरी बदलू, म्हटलं. मी तेव्हा चोवीस वर्षांचा होतो, पोरसवदा नव्हतो. स्पिरिट पिण्याचं नसतं हे डब्यावर लिहिलेलं होतं. ते कुणी पिईल, हे डोक्यातच आलं नाही. मुलगी झाली म्हणून बाबा भावजींना बाटली देतील आणि नेमकी तीच उचलतील, हेही नाही. मी कामावर होतो. मला दवाखान्यात कळलं.

अजून संपलं नाही. यापुढचं बाबांनाही मी सगळ्यात शेवटी सांगितलं.

दवाखान्याच्या बाकावर तू मला म्हणाली होतीस, “पाणी मी घातलं. नीट दुधाळ झालीच नाही रे, नुसती धुरकट झाली. मला कळायला हवं होतं.” भट्टीवाल्याची मुलगी तू, तुला बरोबर दिसलं होतं. आणि मी तुझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणालो, “पाणी गार नसेल. तू घाईत होतीस. तुला नीट आठवत नाहीये.” मी दोन-तीनदा म्हणालो. तू मान हलवेपर्यंत म्हणत राहिलो. आठवत नाही, हे बाबांना तापानं सांगितलं. तुला मी सांगितलं.

तुला नीट आठवत होतं, ताई. तुझी काही चूक नव्हती. घरच्या सीलबंद बाटलीवर कोण संशय घेईल?

इतकी वर्षं मी स्वतःला समजावत आलो की कदाचित सगळा घाणाच वाईट असेल, आम्ही मित्र नशिबानं वाचलो असू, माझी बाटली निमित्त. त्या दोन ग्लासांनी ती पळवाट बंद केली.

बाबा ऐकून उठले, मटाराची टोपली घेऊन बाल्कनीत गेले आणि पाठमोरे बसून शेवटच्या शेंगेपर्यंत सोलत राहिले. मारलं नाही, ओरडले नाहीत. आत आल्यावर एवढंच म्हणाले, “तिला लिही. मी सांगणार नाही. तुझ्या हातानं लिही.”

काल सोमवारी मी परवाना काढून घेणाऱ्या कचेरीत गेलो आणि हे सगळं सही करून दिलं. तिथल्या साहेबांनी दोनदा वाचलं आणि विचारलं, आता एवढ्या वर्षांनी कशाला? मी सहीखाली तारीख घातली. ते पोलिसांना कळवणार आहेत. बोलावतील तेव्हा जाईन. भावजींना माझ्या तोंडून ऐकायचं असेल तर त्याआधी बोलाव, नसेल तर तसं कळव. माफ कर, असं मी या पत्रात कुठंही लिहिलेलं नाही. मुद्दामच.

येत्या रविवारी सकाळच्या गाडीनं बाबा तुझ्याकडे निघतील. एकटे. मी फक्त त्यांना गाडीत बसवून देणार आहे. इस्त्रीचा सदरा आताच खुर्चीवर काढून ठेवलाय. गुडघ्यामुळे जिना चढायला त्यांना वेळ लागतो, तेव्हा बेल वाजायच्या आधीच दार उघडून ठेव. तू त्यांना जे बोललीस ते माझ्या वाट्याचं होतं.

तुझा भाऊ
(हे दोन शब्द खोडायचे असतील, तर खोड.)